वारुळाभोवतीची पाच पावलं

अळंबी उपटायची नसते, वळवून घ्यायची असते. कन्नड तालुक्यात गौताळ्याच्या कडेला एक वस्ती आहे. तिथल्या एका आजींनी मला हे दाखवलं तेव्हा श्रावणाचा पहिला आठवडा होता. रात्रभर भुरभुर लागली होती आणि पहाटे उघडीप पडली होती. वारुळाच्या उतरणीवर गवतातून सात-आठ पांढरट छत्र्या वर आल्या होत्या, प्रत्येकीच्या माथ्यावर काळपट टोक. आजी उकिडव्या बसल्या. एका देठाशी दोन बोटं मातीत घातली, दुसऱ्या हाताने देठ किंचित फिरवला आणि हळूच वर घेतला. देठ संपेचना. मातीखालचा भाग मुळासारखा निमुळता होत गेलेला. वीतभर बाहेर आल्यावर तो कट्‌कन तुटला, उरलेला खालीच राहिला. मग आजींनी त्या भोकात बाजूची माती लोटली, तळहाताने दाबली, वर थोडा पाचोळा सारला आणि मगच दुसऱ्या अळंबीला हात लावला. प्रत्येक वेळी तसंच. घाई नाही, पण चुकवणंही नाही.

"माती कशाला लोटता आजी?" मी विचारलं.

"घरात पाणी शिरंल ना माय," त्या म्हणाल्या. कुणाच्या घरात, हे विचारायची मला गरज वाटली नाही. त्यांच्या लेखी ते इतकं उघड होतं.

हे २०११ सालचं. मी विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करून एका संस्थेत लागले होते. गायरानावर झाडं लावणं, चर काढणं, बांध घालणं आणि या सगळ्याचे अहवाल लिहिणं, हे माझं काम. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे रान, बरंचसं संभाजीनगर जिल्ह्यात, बाकीचं घाटाखाली जळगावच्या बाजूला. अंजन, सालई, धावडा, खैर, पळस, टेंभुर्णी, अशी पानगळीची, कोरड्या रानाची झाडं. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही आणता येत नाही, हे वस्तीवरच्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्यामुळे अळंबीसाठी बायकांची सगळी भिस्त हद्दीबाहेरच्या गायरानावर आणि शेतांच्या बांधांवर. आमची लागवडही त्याच गायरानावर.

आणि तिथेच माझ्या हातून मोठी चूक झाली.

२०१२च्या उन्हाळ्यात आम्ही खड्डे घेतले. आदल्या वर्षी लावलेली बरीच रोपं उधईने खाल्ली होती. शेंड्यापर्यंत हिरवं दिसणारं रोप हातात धरलं की उचलून यायचं, जमिनीलगतची साल गोल कुरतडलेली. मला वरून विचारणा होत होती आणि मला एकच उपाय माहीत होता. वारुळं म्हणजे उधईची घरं, ती संपवली की रोपं वाचतील. पहारीने वारुळांना वरून भोकं पाडायची आणि क्लोरपायरीफॉस पाण्यात मिसळून बादलीने ओतायचं, असं मीच मजुरांना सांगितलं. दोन दिवसांत गायरानातल्या नाल्याअलीकडची सगळी वारुळं झाली. मी वहीत तारीख टाकली आणि पुढे 'पूर्ण' असं लिहिलं.

त्या वर्षी पाऊसच रुसला. २०१२चा दुष्काळ मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. अळंबी कुठेच धड आली नाही, म्हणून मलाही काही कळलं नाही. २०१३ला पाऊस बरा झाला. श्रावणात नाल्यापलीकडच्या वारुळांवर अळंबी आली, अलीकडच्या एकाही वारुळावर नाही. तोच पाऊस, तीच जमीन, तेच गवत. मध्ये फक्त एक कोरडा नाला आणि माझी बादली. आजी मला एका वारुळापाशी घेऊन गेल्या. त्याच्या कडा पावसाने ढासळल्या होत्या आणि कुणी लिंपत नव्हतं. जितं वारूळ पावसात पडलं तरी चार दिवसांत पुन्हा लिंपलेलं दिसतं, ओल्या मातीचा रंग वेगळा उठून येतो. आजींनी त्या ढासळलेल्या कडेवर हात ठेवला. मला त्या काहीच बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी उधईबद्दल, म्हणजे वाळवीबद्दल वाचायला लागले. पदवीच्या अभ्यासात 'टर्मिटोमायसिस' हे नाव एका ओळीपुरतं येऊन गेलं होतं. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये वारुळावरच्या अळंबीच्या प्रजातीला ते नाव दिलं. आता त्या ओळीमागचं सगळं उलगडत गेलं. ही अळंबी वारुळावर उगवत नाही, वारुळाच्या पोटातून येते. वाळवी वाळलेलं लाकूड, गवत, पाचोळा खाऊन आत आणते आणि त्याची विष्ठा एकावर एक रचून अक्रोडाच्या गरासारखी सुरकुतलेली, भोकाभोकांची पोळी तयार करते. त्या पोळीवर ही बुरशी वाढते. लाकडातला जो कठीण भाग वाळवीला स्वतःला पचत नाही, तो बुरशी मऊ करून देते. पोळीवर खसखशीएवढे पांढरे दाणे धरतात, ते वाळवी खाते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षं चालू आहे, माणसाने पहिलं बी पेरलं त्याच्या कितीतरी आधीपासून. पावसात माती भिजली, आतली हवा बदलली की बुरशी त्या पोळीपासून जमिनीबाहेर देठ काढते. वीतभर आत गेलेला तो निमुळता देठ म्हणजे पोळीपासून उजेडापर्यंतची तिची वाट. आणि म्हणूनच ही अळंबी शेडमध्ये लावता येत नाही. संभाजीनगरच्या दुकानात मिळणारी धिंगरी गव्हाच्या काडावर येते, बटन मशरूम कंपोस्टवर येतं. ही मात्र वाळवीशिवाय येत नाही. वाळवी मारून अळंबी राखता येत नाही, इतकं हे सरळ आहे, आणि मला ते कळायला दोन वर्षं आणि नाल्याअलीकडची सगळी वारुळं लागली.

रोपांचंही कोडं सुटलं. या उधईला आधी वाळलेलं, मेलेलं खाद्य हवं असतं. आम्ही लागवडीआधी जमीन 'साफ' केली होती. काटक्या, पडलेल्या फांद्या, पाचोळा सगळं गोळा करून पेटवून दिलं होतं. मग कोरड्या जमिनीत तहानलेली रोपं उभी केली. त्या माळावर खाण्याजोगं उरलं होतं काय? रोपांची साल. पुढच्या लागवडीत आम्ही दोन ओळींच्या मध्ये काटक्या आणि पाचोळा तसाच पसरून ठेवला, रोपाच्या बुडाशी मात्र नाही. औषध वापरलं नाही. काही रोपं तरी गेलीच, पण पहिल्यासारखी सपाटून गेली नाहीत. ज्यांना रोपवन झाडून-पुसून ठेवण्याची हौस आहे त्यांना मी हे आजही सांगते, आणि आजही पटवून द्यावं लागतं.

या सगळ्यात आम्हाला खरा आधार नागपंचमीचा झाला. त्या दिवशी आपल्याकडे जमीन खणायची नाही, नांगर धरायचा नाही, चिरायचं-कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. बायका लाह्या आणि दूध घेऊन वारुळाला जातात. सण येतो श्रावणात, म्हणजे वारूळ भरात असतं तेव्हाच. मी शहरातली, मला तो केवळ सण होता. वस्तीवरच्या बायकांना मी विचारलं, वर्षातून एक दिवस ज्याला हळदकुंकू वाहता त्याच्यावर उरलेले दिवस टिकाव कसा चालतो? टिकाव चालवणाऱ्या त्या नव्हत्याच. कुणी घर लिंपायला वारुळाची माती नेत होतं, कुणी शेतात टाकायला. आणि हल्ली बाहेरगावची पोरं मोटारसायकलवर येऊन अळंबी न उमलता कळीतच मिळावी म्हणून वारूळ कडेने फोडत होती. कळीला भाव जास्त. एक फोडलेलं वारूळ मी पाहिलं आहे. आतली पोळी उन्हात उघडी पडलेली, मुंग्यांची रांग लागलेली, आणि त्या घरातले मजूर सैरावैरा धावताहेत.

गोव्यात हेच आधी घडून गेलं आहे. तिथे वारुळाला रोयण म्हणतात आणि त्यावरच्या अळम्यांना पावसाळ्यात रस्त्याकडेला सोन्यासारखा भाव येतो. गोवा विद्यापीठातले डॉ. नंदकुमार कामत यांनी त्या अळम्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि रानातून ती ओरबाडू नका म्हणून सतत सांगितलं. आपल्याकडे विदर्भात याच प्रजातीतल्या अळंबीला सात्या म्हणतात. तिथे बाजार मोठा आहे, आमच्याकडे तो अजून लहान आहे. लहान आहे तोवर शिस्त लावता येईल, असं मला वाटलं.

पण शिस्त कशाची लावायची? माझा पहिला विचार होता, दोन वर्षं काढणीच बंद. आजींनी तो मोडीत काढला. "आमी गेलो न्हाई तर ते येतील," इतकंच त्या म्हणाल्या. रोज पहाटे वारुळावर जाणारी बाईच त्या वारुळाची राखणदार असते. तिला थांबवलं की राखणच उठली. पुढे मला स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासाची माहिती मिळाली. एका राखीव जंगलात १९७५ ते २००३ अशी तब्बल २९ वर्षं संशोधकांनी काही पट्ट्यांतली अळंबी काढली, काहींतली तशीच सोडली. कापून घेतली काय, उपटून घेतली काय, पुढच्या वर्षांच्या पिकात फरक पडला नाही. फरक पडला तो पायांनी. जिथे माणसांनी जमीन तुडवली तिथे अळंबी कमी उगवली. तिथली बुरशी वेगळी, बरीचशी जित्या झाडांच्या मुळांशी राहणारी, आपल्या बस्तरच्या बोड्यासारखी. बोडा साल वृक्षाच्या मुळांशी येतो, म्हणून तिथे साल राखावा लागतो. आमच्याकडे साल नाहीच. आमच्याकडे राखायचं ते वारूळ आणि त्याचं खाद्य. तरी त्या अभ्यासाने मला एक धीर दिला. काढणाऱ्या हाताला शत्रू मानायचं कारण नाही, जमिनीचं काय होतं तिकडे बघायचं.

एका बाबतीत मात्र हाताला आवर घालावा लागतो. पावसाळ्याच्या तोंडाला पंख फुटलेल्या वाळव्या दिव्याभोवती जमतात ना, त्यातली एखादी जोडी पंख गाळून मातीत शिरते आणि नवं घर मांडते. या घराकडे बुरशी नसते. पहिले मजूर तयार होऊन बाहेर पडले की त्यांना ती रानातूनच आणावी लागते. आणि ती कुठून येणार? उमललेल्या, जुन्या झालेल्या छत्र्यांतून जमिनीवर सांडलेल्या बीजाणूंतून. म्हणजे प्रत्येक अळंबी कळीतच उचलली तर जुनं वारूळ जगेल, पण नव्या घराला विरजण मिळणार नाही. मी हे 'विरजण' शब्द वापरूनच सांगितलं आणि बैठकीत एकाही बाईला पुन्हा विचारावं लागलं नाही.

ती बैठक २०१६च्या उन्हाळ्यात मंदिरासमोर झाली. २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षं कोरडी गेली होती, माणसं पाण्याच्या टँकरमागे धावून थकली होती. अळंबीसाठी बैठक म्हटल्यावर काहीजण उठून गेले. राहिल्या त्या बहुतेक बायका. ठरलं ते असं. वारुळाला टिकाव, पहार लावायची नाही. माती हवी तर पडक्या, सोडलेल्या वारुळाची न्यायची. एका वारुळावरच्या उमललेल्या दोन-तीन छत्र्या म्हाताऱ्या होऊन गळेपर्यंत सोडायच्या. भोक बुजवायचं. श्रावणात त्या पट्ट्यात गुरं घालायची नाहीत. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द महाराष्ट्राच्या गावांना नवे नाहीत, फक्त ते वारुळासाठी कुणी वापरले नव्हते. चरांचं काम येईल तेव्हा वारुळाभोवती पाच पावलं जमीन सोडायची. पाच पावलं कुणाची, यावर थोडा वाद झाला. शेवटी आजींची धरली.

त्या वर्षी यंत्राने सलग समतल चर काढायचे होते. आदल्या संध्याकाळी आजी, आणखी दोघी आणि मी फक्कीची पिशवी घेऊन फिरलो. आजी वारुळापासून पाच पावलं चालायच्या, मी तिथे फक्की टाकायची, असं गोल करत जायचं. सकाळी जेसीबीचा चालक आला आणि माळावर पांढरी वर्तुळं बघून म्हणाला, "ताई, इथं काय क्रिकेट खेळायचंय का?" मी त्याला एका वारुळापाशी नेऊन समजावलं. चर वर्तुळाशी आला की तो यंत्र थांबवायचा आणि पलीकडून पुन्हा सुरू करायचा. मोजमापाच्या वहीत चरांची लांबी थोडी कमी भरली. ती का कमी भरली याचं लेखी उत्तर मला द्यावं लागलं, ते मी दिलं. वाळवीच्या वाटा जमिनीखालून पाच पावलांच्या कितीतरी पुढे जातात, हे मला ठाऊक आहे. पण घर वाचलं तर वाटा ती पुन्हा काढते.

वणव्याचं काम याहून अवघड निघालं. फेब्रुवारीपासून गवत वाळतं आणि कुणीतरी काडी ओढतं. जाळलं की पुढचं गवत जोमाने येतं असा समज आहे. जाळपट्टे काढले तरी एखादा उन्हाळा हातचा जातोच. वारूळ स्वतः आगीत जळत नाही, आत ते थंड असतं. जळतं ते त्याचं खाद्य. अंजन ओरबाडला तरी तेच खाद्य जातं. दुष्काळात अंजनाचा पाला जनावरांसाठी ओरबाडून काढतात, आणि उपाशी गुरापुढे उभ्या असलेल्या माणसाला मी तरी काय सांगणार? पाला घ्या, पण आख्खं झाड खराट्यासारखं करू नका, आणि पडलेली जाडी फांदी जागेवर राहू द्या, एवढंच म्हणते. ते कधी ऐकलं जातं, कधी नाही.

कागदावर या अळंबीला अजून नीट जागा नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे. त्यात बांबू, वेत, मध, मेण, लाख, तेंदूपान, कंदमुळं अशी नावं आहेत. अळंबीचं नाव नाही. आणि ती व्याख्या वनस्पतीपासून मिळणाऱ्या उपजाची आहे, बुरशी तर वनस्पतीही नव्हे. 'इत्यादी'मध्ये ती बसते असं आपण म्हणायचं. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायची आहे, मी पाहिलेल्या एका वहीत बुरशीचं पान कोरं होतं. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या गावकऱ्यांनी २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचे अभ्यासगट बसत होते, पोळं न मारता मध कसा काढायचा याचा विचार करत होते. हक्काच्या आधी अभ्यास, हा त्यांचा क्रम मला फार मोलाचा वाटतो. २०२१ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला वाघ गौताळ्यात दिसला, तेव्हा सगळ्या जिल्ह्याने गौताळ्याचं नाव घेतलं. मलाही आनंद झाला. ज्या जमिनीवर तो चालत आला तिच्या आतली ही वस्तीही तितक्याच आस्थेने कुणीतरी मोजावी, असं मात्र त्या दिवसांत सारखं वाटत राहिलं.

२०१६चा पाऊस चांगला झाला. नाल्याअलीकडे, औषध ओतलेल्या एका वारुळाच्या बगलेला नवं, गुडघ्याएवढंही नसलेलं वारूळ उठलं होतं. तिथे भाद्रपदात अळंबी आली. आजींनी त्यातली एकही घेतली नाही, मलाही हात लावू दिला नाही. बाकीची वारुळं आजही मातीचे ढीग आहेत.

पलीकडच्या वारुळांवरची अळंबी त्या दिवशी आजींच्या चुलीवर शिजली. मातीचा कण न कण धुवायला अर्धा तास लागला. कांदा, लसूण, थोडं येसर, आणि वर बाजरीची भाकरी. घरातल्या माळकरी सूनबाईने आपल्यासाठी वेगळी भाजी केली. आजी आता नाहीत. त्यांची नात वारुळांची वही ठेवते. वारुळाचा नंबर, पाऊस कधी पडला, अळंबी कधी दिसली, किती सोडली. माझ्या अहवालांपेक्षा ती वही मला जास्त भरवशाची वाटते.

वाचून कुणाला रानात जावंसं वाटलं तर एक सांगते. उकिरड्यावर, हिरवळीवर उगवणारी मोठी पांढरी छत्री वरवर अशीच दिसते, तिच्या खालच्या पापुद्र्यांना पुढे हिरवट छटा येते आणि ती खाणाऱ्याला दवाखाना दाखवते. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण काळा पडतो का, या परीक्षा खोट्या आहेत. ज्यांनी जन्मभर अळंबी काढली आहे त्यांनी हातात दिल्याशिवाय तोंडात घालू नका.

आणि तुमच्या गावात यंदा गायरानावर लागवड किंवा चरांचं काम मंजूर असेल, तर यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी अळंबी काढणाऱ्या एखाद्या बाईला सोबत घ्या आणि माळावर एक फेरी मारा. फक्कीची एक पिशवी पुरते.